चार्ज कोणाकडे होता? झाग्रेब, १९७६

काही वर्षांपूर्वी मी दोन पाळ्यांत भरणाऱ्या एका शाळेत शिकवत होतो. सकाळची शाळा बारा वीसला सुटायची, दुपारची बारा तीसला भरायची. मधली दहा मिनिटं कोणाची, हे कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेलं नव्हतं. सकाळचे शिक्षक हजेरीपटावर सही करून निघालेले असत, दुपारचे काही अजून रिक्षात असत. एकाच जिन्यावरून चारशे मुलं खाली उतरत आणि तितकीच वर चढत.

एके दिवशी पाचवीतला एक मुलगा त्या गर्दीत पडला आणि त्याचा हात मोडला. त्या वेळी जिन्यावर एकच शिक्षक उभे होते, नवीन लागलेले एक शिक्षणसेवक. खरं तर त्यांची ड्युटी संपली होती. पुढचे सर आले नव्हते म्हणून ते थांबले होते. कारणे दाखवा नोटीस त्यांनाच मिळाली, कारण ते तिथे होते. जे तिथे नव्हते त्यांना कोणी काही विचारलं नाही. स्टाफ मीटिंगच्या इतिवृत्तावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. माझीही सही त्यात आहे.

नंतर विमान अपघातांविषयी वाचताना झाग्रेबची हकिगत समोर आली आणि ती सही पुन्हा आठवली. ती हकिगत मराठीत फारशी कोणी सांगितलेली माझ्या पाहण्यात नाही, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

आकाशातला चौक

१९७६ साली झाग्रेब हे युगोस्लाव्हियातलं शहर होतं. आज ते क्रोएशियाची राजधानी आहे. मध्य युरोपातून तुर्कस्तान, ग्रीस आणि पुढे पूर्वेकडे जाणारी विमानं आणि एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावरून सुट्टी संपवून जर्मनीकडे परतणारी विमानं, या सगळ्यांचे रस्ते झाग्रेबच्या डोक्यावर एकमेकांना छेदत. जमिनीवर एक रेडिओ खूण होती आणि तिच्या दिशेने, तिच्यावरून विमानं ये-जा करत. आपल्याकडे चार महामार्ग मिळतात तसा हा आकाशातला चौक. युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या नियंत्रण केंद्रांत झाग्रेबची गणना होई. माणसं मात्र कामाच्या मानाने कमी होती आणि रडारची नवी यंत्रणा अजून पूर्ण विश्वासाने वापरावी अशी झालेली नव्हती.

केंद्राचं काम तीन मजल्यांत वाटलेलं होतं. २५ हजार फुटांपर्यंतची विमानं खालच्या विभागाकडे, तिथून ३१ हजारांपर्यंतची मधल्या विभागाकडे आणि त्याहून उंच उडणारी वरच्या विभागाकडे. प्रत्येक विभागाची रेडिओ फ्रिक्वेन्सी वेगळी, पडदा वेगळा, माणसं वेगळी. एखादं विमान चढत चढत एका विभागातून दुसऱ्यात जायचं असेल तर आधी दोन विभागांनी आपसात बोलायचं, पुढच्याने हो म्हणायचं आणि मगच विमान पाठवायचं. प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी असे. तिच्यावर विमानाचं नाव, उंची आणि कोणत्या मिनिटाला कुठे पोहोचणार ते लिहिलेलं असे. ज्याच्यासमोर पट्टी त्याच्याकडे विमान, असा हिशेब.

म्हणजे सोपवण्याचे दोन प्रकार होते. एक, विमान एका विभागाकडून दुसऱ्याकडे. दोन, खुर्ची एका माणसाकडून दुसऱ्याकडे. १० सप्टेंबरला हे दोन्ही एकाच वेळी बिघडले.

दहा मिनिटांचं अंतर

त्या सकाळी लंडनच्या हीथ्रोवरून ब्रिटिश एअरवेजचं ट्रायडंट विमान इस्तंबूलला निघालं. उड्डाण क्रमांक ४७६, आत ५४ प्रवासी आणि ९ कर्मचारी. हवा स्वच्छ होती. दुसरं विमान युगोस्लाव्ह कंपनी इनेक्स-आद्रियाचं डीसी-९, उड्डाण क्रमांक ५५०. ते समुद्रकिनाऱ्यावरच्या स्प्लिटहून जर्मनीतल्या कोलोनला चाललं होतं. त्यात १०८ प्रवासी होते, बहुतेक सुट्टीहून घरी परतणारे जर्मन, आणि ५ कर्मचारी.

यापुढच्या वेळा ग्रीनिच वेळेप्रमाणे आहेत, स्थानिक घड्याळात एक तास पुढे.

वरच्या विभागाच्या टेबलावर दोघं असायला हवे होते. मुख्य नियंत्रक आणि त्याचा साहाय्यक. दहा वाजता एकाची पाळी संपली आणि त्याच्या जागी येणारा सहकारी वेळेवर आला नाही. पाळी संपलेला माणूस त्याला शोधायला उठून गेला. खुर्चीवर राहिला ग्रादिमिर तासिच, वय २८.

तासिच एकटा राहिला म्हणजे नेमकं काय झालं, हे समजून घेतलं पाहिजे. साहाय्यकाचं काम फोनवर बोलायचं, शेजारच्या केंद्रांशी विमानांची देवाणघेवाण ठरवायची, पट्ट्या लावायच्या. मुख्य माणसाने पडदा बघायचा आणि वैमानिकांशी बोलायचं. आता कानाला रेडिओही त्याच्याच, फोनही त्याच्याच, पट्ट्याही त्याच्याच हातात. त्या काही मिनिटांत दहा-अकरा विमानं त्याच्या ताब्यात होती. वर्गात ऐंशी मुलं, फळ्यावर गणित आणि त्याच वेळी ऑफिसातून माहितीचा तक्ता मागायला शिपाई दारात उभा, असा दिवस ज्या शिक्षकाने काढला आहे त्याला थोडी कल्पना येईल. फरक इतकाच की आपलं गणित चुकलं तर पुसता येतं.

दहा वाजून चार मिनिटांनी ट्रायडंटने तासिचला हाक दिली. आम्ही ३३ हजार फुटांवर आहोत आणि झाग्रेबच्या खुणेवर चौदाव्या मिनिटाला पोहोचू. तासिचने एक संकेतांक दिला, खुणेवरून गेल्यावर कळवा म्हणून सांगितलं आणि पुढच्या विमानाकडे वळला. ट्रायडंटशी त्याचं हे शेवटचं बोलणं.

इकडे डीसी-९ मधल्या विभागाच्या ताब्यात होतं आणि आणखी वर जायची परवानगी मागत होतं. जवळच्या उंचींवर रहदारी होती, ३५ हजार फूट मोकळे होते. पण तिथे पोहोचायचं तर वरच्या विभागातून जायचं, म्हणजे वाटेत ३३ हजार फूट ओलांडायचे. त्यासाठी तासिचचा होकार हवा. मधल्या विभागाच्या नियंत्रकाने हात वर करून त्याचं लक्ष वेधायचा प्रयत्न केला. तासिच बोलण्यात गुंतलेला होता. मग मधल्या विभागाचा साहाय्यक विमानाची पट्टी घेऊन वरच्या टेबलापाशी गेला आणि पडद्यावर विमान दाखवून आला. या हातवाऱ्यांतून परवानगी मिळाली असं मधल्या विभागाने धरलं आणि डीसी-९ ला चढायला सांगितलं. तासिचच्या डोक्यात मात्र ते विमान कधी पोहोचलंच नाही.

थोड्या वेळाने मधल्या विभागाने डीसी-९ ला आपल्या ताब्यातून सोडलं. आता वरच्या विभागाशी बोला, आणि तुमचा संकेतांक बंद ठेवा. हा संकेतांक म्हणजे विमानातून आपोआप जाणारी खूण, तिच्यामुळे रडारच्या पडद्यावर ठिपक्याशेजारी विमानाची ओळख आणि उंची उमटते. नवा विभाग नवा संकेतांक देईल, या हिशेबाने जुना बंद करायला सांगितला गेला. पण नव्या विभागाला विमान येतंय हेच ठाऊक नव्हतं. त्यामुळे काही वेळ ते विमान आकाशात होतं, चढत होतं, आणि नियंत्रणाच्या दृष्टीने कोणाचंच नव्हतं. एका हाताने सोडलं होतं, दुसऱ्याने धरलं नव्हतं.

अखेर दहा वाजून चौदा मिनिटं झाली आणि डीसी-९ चा आवाज तासिचच्या कानात आला. आम्ही ३२ हजार ५०० फूट ओलांडतोय आणि झाग्रेबच्या खुणेवर चौदाव्या मिनिटाला आहोत.

चौदावं मिनिट म्हणजे तेच मिनिट. दोन विमानांनी दहा मिनिटांच्या अंतराने एकाच माणसाला एकाच जागेची एकच वेळ सांगितली होती. पहिल्याने सांगितलं तेव्हा हाताशी दहा मिनिटं होती. दुसऱ्याने सांगितलं तेव्हा पुरता एक मिनिटही उरला नव्हता.

मातृभाषेतलं एक वाक्य

तासिचने विचारलं, आत्ता किती उंचीवर आहात? उत्तर आलं, ३२ हजार ७००. इथपर्यंतचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. पुढचं वाक्य तो सर्बो-क्रोएशियनमध्ये बोलला. आहे त्या उंचीवर थांबा आणि झाग्रेबवरून गेल्यावर कळवा. वैमानिकाने विचारलं, कोणत्या उंचीवर? तासिचने सांगितलं, ज्या उंचीवर आत्ता आहात तिथेच, तुमच्यासमोरून डावीकडून उजवीकडे एक विमान जातंय, ३३ हजार ५०० वर.

त्याच्या पडद्यावर ट्रायडंटशेजारी ३३५ हा आकडा दिसत होता, म्हणजे ३३ हजार ५००. प्रत्यक्षात ट्रायडंट ३३ हजारांवर होतं. पडदा पाचशे फूट चुकीचं दाखवत होता. डीसी-९ च्या वैमानिकाने आज्ञा पाळली. तो म्हणाला, आम्ही बरोबर ३३ हजारांवर राहतो.

ही सूचना मिळालीच नसती तर ते विमान चढत राहिलं असतं आणि कदाचित ट्रायडंटच्या वरून निसटलं असतं. वाचवण्यासाठी दिलेल्या आज्ञेने ते अगदी त्याच उंचीवर आणून ठेवलं.

काही सेकंदांत डीसी-९ चा डावा पंख ट्रायडंटच्या कॉकपिटमधून गेला. दोन्ही विमानं झाग्रेबच्या ईशान्येला, व्रबोवेत्स गावाच्या परिसरात कोसळली. १७६ माणसं होती, एकही वाचलं नाही. मागून येणाऱ्या लुफ्तान्साच्या वैमानिकाला समोर चमक दिसली आणि त्याने केंद्राला कळवलं की दोन विमानं खाली पडताना दिसत आहेत. हवेतल्या टकरीत इतकी माणसं त्याआधी कधी गेली नव्हती.

भाषा शिकवणारा माणूस म्हणून मी त्या एका वाक्यापाशी थांबतो. ट्रायडंटचे वैमानिक त्याच फ्रिक्वेन्सीवर होते. त्यांच्या कानावर ते शब्द पडले असतील, तरी त्यांना सर्बो-क्रोएशियन कळण्याचं कारण नव्हतं. वाक्य इंग्रजीत असतं तर त्या सेकंदांत ते काही करू शकले असते का, याचं उत्तर कोणी देऊ शकत नाही. पण खटल्याच्या वेळी ही गोष्ट तासिचच्या विरोधात गेली. मला वाटतं, यात आरोप करण्यापेक्षा समजून घेण्यासारखं जास्त आहे. माझ्या वर्गातली मुलं घरी उर्दू बोलतात, रस्त्यावर मराठी बोलतात आणि परीक्षेत इंग्रजी लिहितात. यातला कोणी जिन्यात धडपडला की तोंडातून "अम्मी" च निघतं. घाबरलेला माणूस आपल्या भाषेकडे पळतो. हे ठाऊक असेल तर अशा कामात भाषेचा नियम आधीच घट्ट असला पाहिजे. ऐन क्षणी माणूस निवड करत नसतो.

आठ आरोपी, एक दोषी

युगोस्लाव्ह तपास आयोगाने अपघाताचं थेट कारण नियंत्रणातल्या चुकीच्या कामकाजाला दिलं. दोन्ही विमानांच्या वैमानिकांनी रेडिओवरच्या बोलण्याकडे आणि बाहेर पुरेसं लक्ष ठेवलं नाही, असंही नोंदवलं. ब्रिटिश तपास यंत्रणेने तो अहवाल आपल्याकडे १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी झाग्रेबमध्ये खटला चालला. आठ जणांवर आरोप होते. त्यांत उशिरा आलेला होता, शोधायला गेलेला होता, मधल्या विभागाचे होते, देखरेख करणारे वरिष्ठही होते. सात जण सुटले. दोषी ठरला एकटा तासिच, आणि त्याला सात वर्षांची शिक्षा झाली.

जो खुर्ची सोडून गेला नाही, त्यालाच ही शिक्षा. तासिचच्या हातून चूक झाली नाही असं मी म्हणत नाही. त्याचं शेवटचं वाक्य चुकीचं होतं, त्यामागचा आकडा चुकीचा होता. पण अपुरी माणसं त्याने नेमली नव्हती. अविश्वसनीय पडदा त्याने बसवला नव्हता. बदली माणूस येईपर्यंत आधीच्याने जागा सोडायची नाही, हा नियम मोडला गेला तेव्हा पाहणारे वरिष्ठ तिथे होते. हातवाऱ्यांनी परवानग्या घ्यायची सवय एका दिवसात लागलेली नव्हती. ही सगळी भोकं वर्षानुवर्षांची होती. तासिच हा फक्त त्यांच्या शेवटी बसलेला माणूस होता.

हे सर्वांत आधी कोणी ओळखलं असेल तर ते इतर देशांतल्या हवाई नियंत्रकांनी. आपणही उद्या त्या खुर्चीवर असू शकतो, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या संघटनांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले, सह्या गोळा केल्या. वरच्या न्यायालयात शिक्षा कमी झाली आणि २९ नोव्हेंबर १९७८ रोजी तासिच सुटला. कोठडी धरून तो दोन वर्षांहून अधिक काळ आत होता. ब्रिटिश वकील रिचर्ड वेस्टन यांनी रोनाल्ड हर्स्ट यांच्यासोबत या प्रकरणावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच ते चौदावं मिनिट घेतलं, 'झाग्रेब वन फोर'.

सव्वीस वर्षांनी पुन्हा तीच खुर्ची

एकाला शिक्षा झाली की प्रश्न मिटला असं वाटतं. पण पुढे काय घडलं ते पाहा.

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगेनच्या आकाशात दोन विमानं धडकली. एक मालवाहू बोइंग, दुसरं रशियन तुपोलेव्ह. ७१ जण गेले. तुपोलेव्हमध्ये बहुतेक बाश्कोर्तोस्तानच्या उफा शहरातली शाळकरी मुलं होती, बार्सिलोनाला सहलीला निघालेली. त्या हद्दीचं नियंत्रण स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिकच्या केंद्राकडे होतं आणि तिथे दोन टेबलं एकटा पीटर नील्सन सांभाळत होता. जोडीदार विश्रांतीला गेला होता. रात्री असं करायची पद्धतच पडली होती आणि व्यवस्थापन ती चालवून घेत होतं. त्या रात्री रडारच्या मुख्य यंत्रणेची दुरुस्ती चालू होती, फोनची मुख्य लाइन बंद होती. नील्सनने तुपोलेव्हला खाली यायला सांगितलं, तर विमानातल्या टक्करविरोधी यंत्राने वर जायला. वैमानिक माणसाचं ऐकून खाली आला, आणि समोरचं बोइंगही आपल्या यंत्राचं ऐकून खालीच येत होतं.

देश वेगळा, यंत्रं नवी, साल वेगळं. रिकामी खुर्ची आणि तिच्या शेजारी एकटा माणूस मात्र तोच.

२४ फेब्रुवारी २००४ रोजी व्हिताली कालोयेव्ह या रशियन माणसाने नील्सनच्या घरी जाऊन त्याला ठार मारलं. कालोयेव्हची बायको आणि दोन मुलं त्या विमानात गेली होती. त्याच्या दुःखापुढे बोलायला कोणाची जीभ उचलेल? तरी खून तो खूनच, आणि त्याने त्या रात्रीतलं काहीच दुरुस्त झालं नाही.

न्यायालयाने मात्र या वेळी वेगळा प्रश्न विचारला. रात्री एकच माणूस टेबलावर ठेवायची पद्धत कोणी चालू दिली? २००७ मध्ये स्विस न्यायालयाने कंपनीच्या चार जणांना दोषी धरलं. तीन व्यवस्थापकांना स्थगित तुरुंगवास झाला, एकाला दंड. झाग्रेबपासून तिथपर्यंत यायला तीस वर्षं लागली.

आपल्याकडचं उदाहरण आठवणाऱ्यांना आठवेल. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली आणि ३४९ माणसं गेली. हवेतल्या टकरींतला हा आजवरचा सर्वांत मोठा आकडा. सौदी विमानात आखातात कामाला निघालेले पुष्कळ भारतीय होते. तिथे सोपवण्याची चूक नव्हती. दिल्लीच्या नियंत्रकाने दोन्ही विमानांना वेगवेगळ्या उंची दिल्या होत्या, कझाक विमान आपल्या उंचीच्या खाली आलं. पण विमानाची उंची पडद्यावर दाखवणारं रडार दिल्लीत तेव्हा वापरात नव्हतं, आणि येणारी-जाणारी विमानं एकाच वाटेने सोडली जात होती. म्हणजे माणूस बरोबर असूनही व्यवस्था अपुरी असेल तर काय होतं, ते तिथे दिसलं. त्यानंतर टक्करविरोधी यंत्र आपल्याकडे सक्तीचं झालं.

धरलेला हात

उर्दूत आपण 'हवाले करना' म्हणतो, मराठीत 'हवाली करणं'. मूळ शब्द अरबी. ऑफिसात त्यालाच चार्ज देणं म्हणतात. तिन्हींत एकच अट आहे. घेणाऱ्याच्या हातात वस्तू नीट बसल्याशिवाय देणाऱ्याने हात सोडायचा नाही. आज अनेक देशांत नवा नियंत्रक आला तरी जुना लगेच उठत नाही. यादी वाचून एकेक विमान सांगतो, नव्याला ते परत म्हणायला लावतो आणि थोडा वेळ शेजारी थांबून ऐकतो. चूक घडली तर ती न घाबरता कळवता यावी, म्हणून युरोपात कायदेही झाले. निष्काळजीपणाला माफी नाही, पण प्रामाणिक चुकीसाठी कळवणाऱ्याला लटकवायचं नाही. कारण पहिल्या चुकीची बातमी दडली की दुसरी चूक तिच्याच वाटेने येते.

आमच्या त्या शाळेत पुढे काय झालं ते सांगून थांबतो. शिक्षणसेवक सरांनी नोटिशीला दोन ओळींचं उत्तर दिलं आणि वर्षभरात बदली शाळा शोधली. जिन्यावरची दहा मिनिटं तशीच राहिली. मुलांचं नशीब, की मोठं काही झालं नाही. मी अजून कधी कधी त्या इतिवृत्ताचा विचार करतो. त्यात "सदर शिक्षकांना समज देण्यात आली" असं वाक्य होतं आणि खाली एकवीस सह्या. बारा वीस ते बारा तीस ड्युटी कोणाची, हा एक प्रश्न मी त्या दिवशी हात वर करून विचारू शकलो असतो. फार तर मुख्याध्यापक नाराज झाले असते.

आता ज्या शाळेत आहे तिथे पाळी बदलताना मी दुपारच्या सरांची वाट पाहतो. ते आले की मुलं मोजून सांगतो, कोणाला ताप आहे, कोण घरी लवकर जाणार आहे ते सांगतो. सुरुवातीला ते हसायचे. हल्ली तेच विचारतात, "सर, आज किती?"